वाटेत गळणारे व्होल्ट शोधणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,
सलाम.

नाथसागरात वारं सुटलं की काय होतं, हे पैठणच्या माणसाला सांगायला नको. त्या संध्याकाळी जाळी टाकून येताना आबांच्या होडीची मोटर मध्येच बंद पडली. त्यांचा उजवा खांदा कामातून गेला, म्हणून तर ही बॅटरीवरची मोटर आम्ही जुन्यात घेतली होती. त्याच खांद्यानं त्यांनी दोन तास वल्हं मारलं. मी काठावर टॉर्च धरून उभा होतो.

त्याआधी महिनाभर स्पीड वाढवला की मोटर दम टाकायची. जो तो म्हणायचा, बॅटरी गेली. उसनवारी करून नवी घेतली. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

तुम्ही गाड्यांची वायरिंग करणारे. अशी मोटर पहिल्यांदाच बघतोय, हे तुम्ही आधीच सांगितलंत आणि तरी दुकान पोरावर सोडून पाण्यापर्यंत आलात. मीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट दिसली. मी खूश झालो. तुम्ही म्हणालात, "निजलेल्या माणसाची नाडी बघून काय कळतंय? पळताना बघ." मोटर पाण्यात सोडून फुल्ल चालवायला लावली. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१, मोटरच्या तोंडाशी ९.४. मधले २.७ व्होल्ट वाटेतच गळत होते. वायरीभोवती लावायच्या क्लॅम्प मीटरवर करंट ४० अँपिअर होता. म्हणजे शंभर वॅटच्या वर ताकद पंख्याला न जाता नुसती वायर तापवत होती.

मग तुम्ही वायरवरून बोटं फिरवत गेलात आणि एका जोडापाशी हात झटकलात. चिकटपट्टी सोडली तर आतलं तांबं हिरवंगार, चोळलं की भुगा. कुणीतरी नुसतं पीळ देऊन जोडलेलं. तेवढी वायर काढून तुम्ही १६ स्क्वेअर एमएमची केबल टाकलीत, टोकांना धातूचे थिंबल दाबून बसवले, वरून स्लीव्ह तापवून आवळली. बॅटरीजवळ जादा करंट आपोआप तोडणारा ब्रेकर लावला, तो आधी नव्हताच. एवढ्यावर थांबला नाहीत. बॅटरीची वायर सोडवून पंखा काढलात, तर मागं शाफ्टला तंगुसाचं भेंडोळं आवळून बसलेलं. तेही ब्लेडनं हळूहळू कापलंत, मोटरमध्ये पाणी जाऊ न देणाऱ्या सीलला धक्का न लावता. पुन्हा मोजलं तेव्हा मोटरपाशी ११.८ आले. तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

चाचा, तुम्ही फक्त सामानाचे पैसे घेतलेत. पण नवी मोटर घ्या म्हणाला असतात तरी आम्ही कर्ज काढून घेतली असती, इतके हवालदिल झालो होतो. तुम्ही मोजल्याशिवाय कशालाच हात लावला नाहीत, आणि मोजायचं कसं तेही मला शिकवलंत. आता मीटर घरी आहे. दर आठवड्याला मोटर चालू ठेवून दोन्हीकडचे व्होल्ट बघतो.

आबा म्हणतात, शुक्रवारी दुकान बंद असतं तेव्हा चाचांना घेऊन ये. मरळ आम्ही राखून ठेवतो. होडीत बसा, पलीकडच्या काठापर्यंत मोटरवरच जाऊ.

तुमचा,
आबांचा धाकटा