चिखलातून कळतं कसं

प्रिय निखिल,

तुझा मेसेज वाचला, हवामान बदललं म्हणून माणूस घडला हे खरं का आणि तळ्यातल्या चिखलातून ते कळतं तरी कसं. फोनवर अर्धंच सांगून होईल म्हणून निवांत लिहितोय.

तळ्याच्या तळाशी गाळ साचत राहतो, वाहून आलेली माती, परागकण, वणव्याचा कोळसा, डायटम शेवाळांची कवचं, माशांचे दात, ज्वालामुखीची राख, जे पडेल ते थरावर थर. त्यात पोकळ नळी घुसवून गाळाचा लांब दंडगोल अख्खा बाहेर काढला की तो कोअर. लॅबमध्ये तो उभा चिरतात, अर्धा जपून थंड खोलीत ठेवायचा आणि अर्ध्यावर काम करायचं. नुकता चिरलेला कोअर तू बघायलाच पाहिजेस, काळपट हिरवा ओला गाळ, कधी सडक्या अंड्यांसारखा वास, आणि एकाखाली एक बारीक फिकट-गडद रेघा, काही तळ्यांत तर अशी एक जोडी म्हणजे बरोब्बर एक वर्ष! हवा लागली की रंग उतरायला लागतो म्हणून फोटो आधी काढून घेतात. वय काढायला रेडिओकार्बन, पण ते साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच पुरतं, त्याच्या खाली राखेच्या थरातल्या स्फटिकांवर आर्गॉनची पद्धत, म्हणजे त्यांच्यात हळूहळू साचलेला आर्गॉन वायू मोजून वय काढायचं.

माणसाचं म्हणशील तर इथिओपियातल्या च्यू बाहिर या आटलेल्या तळ्यात २०१४ मध्ये ड्रिलिंग झालं, जवळपास २९० मीटर गाळ, त्यात ६ लाख २० हजार वर्षांचा इतिहास. त्यात दिसतं असं की पावणेतीन लाख वर्षांपूर्वीपर्यंत तिथलं हवामान बऱ्यापैकी ओलसर आणि स्थिर होतं, नंतर कोरडं-ओलं असे हेलकावे वाढत गेले, आणि साधारण त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत मोठ्या हातकुऱ्हाडी मागे पडून दांड्याला बसवायची छोटी, नेमकी हत्यारं येतात, आपली जातही त्याच सुमाराची. आता एकाच सुमारास झालं म्हणून एकामुळे दुसरं झालं असं मी तरी म्हणणार नाही, कारण हाडं आणि हत्यारं मिळतात मोजक्या जागी आणि त्यांच्या वयातच हजारो वर्षांचं मागंपुढं असतं. पण पूर्वी लोक लांबच्या समुद्रातले किंवा ध्रुवावरच्या बर्फातले आकडे आणून आफ्रिकेला लावायचे, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. मलावी सरोवराचंच बघ, २००५ च्या कोअरमधून कळलं की १ लाख ३५ हजार ते ७५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात तिथे असे भयंकर दुष्काळ पडले की ७०० मीटर खोल सरोवरातलं किमान ९५ टक्के पाणी गेलं, आणि शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातही तिथे इतकं कोरडं नव्हतं! म्हणजे हिमयुग आलं की दुष्काळ, हे सरसकट गणित तिथे चालतच नाही.

उत्क्रांती मात्र खरी भिडते ती छोट्या जिवांत. डॅफ्निया नावाचा पाणपिसू असतो, त्याची अंडी गाळात कित्येक दशकं झोपून राहतात आणि लॅबमध्ये चक्क उबतात. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरात सांडपाण्याने विषारी निळं-हिरवं शेवाळ वाढलं, मग संशोधकांनी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या थरांतली अंडी उबवून दोघांना तेच शेवाळ खायला घातलं. जुन्यांची वाढ खुंटली, नंतरच्यांना त्याचा त्रास बराच कमी झाला. काही दशकांत झालेली उत्क्रांती, आणि आजी-नात दोघी एकाच टेबलावर जिवंत, याहून पक्का पुरावा मला तरी माहीत नाही.

आणि व्हिक्टोरिया सरोवर, यावर मला तुझ्याशी बोलायचंच आहे. ते शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस कोरडं पडलेलं, साधारण १६-१७ हजार वर्षांपूर्वी परत भरायला लागलं, आणि आज तिथे सिक्लिड माशांच्या ५०० च्या आसपास जाती. इतक्या थोड्या काळात! सगळे म्हणायचे सिक्लिड आधी पोचले असतील, रिकामं तळं मिळालं, पसरले. मग गाळ चाळून, मायक्रोस्कोपखाली दात एकेक वेचून, आकारावरून कुठल्या गटाचा मासा ते ओळखून बघितलं (२०२३ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आलंय), तर सुरुवातीच्या उथळ दलदलीतच बाकीच्या गटांचे मासेपण हजर. तळं खोल झालं, उघडं पाणी आलं, तसा सिक्लिडचा वाटा वाढत गेला आणि बाकीचे काठाशीच राहिले. म्हणजे हवामानाने दार सगळ्यांनाच उघडलं आणि आत शिरला एकच गट. का? संशोधक म्हणतात या माशांच्या अंगात मुळातच लवचिकपणा होता, काहीही खातील, कुठेही राहतील. मला ते पटतं पण पुरेसं वाटत नाही, तिलापियापण सिक्लिडच आणि काही कमी चिवट नाही, मग तो का नाही फुटला शेकडो जातींत? तू माशांवर इतकी वर्षं काम केलंयस, जबडा, दात, मादीची निवड यातलं तुला काय महत्त्वाचं वाटतं ते सविस्तर लिही, मी वाट बघतोय.

तुझा,
मंदार