आई, पोळ्यांना बाई सांगितल्या आहेत

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

आई, सोमवारपासून पोळ्यांना बाई येतील. तुला न विचारता ठरवलं, रागावशील. ओटा तुझाच आहे. आमटी, फोडणी, बाबांची भाकरी तूच कर. पण सकाळी दोन तास गार फरशीवर अनवाणी उभं राहणं तुझ्या टाचेला आता सोसत नाही. आत्या काय म्हणतील ते मी बघते.

एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलंय’ ऐकून तू धसका घेतलास. असं हाड टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी माणसांतही दिसतं. तुझं दुखणं टाचेपासून बोटांच्या मुळाशी जाणाऱ्या जाड पट्ट्याचं आहे. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. तीच ती सुईसारखी कळ. चार पावलं चाललं की कमी होते, म्हणून तू अंगावर काढतेस.

तेव्हा पाय जमिनीवर टेकवण्याआधी पलंगावरच बस. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घे आणि हाताने बोटं नडगीकडे ओढ, तळव्यात तार ताणल्यासारखं लागेपर्यंत. दहा आकडे मोजून सोड. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुडघा कुरकुरला तर पाय लांब करून तळव्याला टॉवेल अडकव आणि ओढ. मग भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा ताठ. पोटरी तीस सेकंद ताणायची, तीन वेळा. मागची टाच उचलली की सगळं फुकट, आणि तू उचलतेसच. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नकोस गं. फरक कळायलाच काही आठवडे जातात, पूर्ण बरं व्हायला कधी वर्षही लागतं. पण बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं.

पाठवलेल्या सँडल घरात वापरायच्या आहेत, कपाटात जपायच्या नाहीत. देवघरापुरत्या काढ. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायची घाई नको. त्याने आराम पडतो तो काही आठवड्यांपुरताच, आणि वारंवार घेतलं तर टाचेची गादी झिजते, पट्टा तुटूही शकतो.

बाबा, आता तुम्ही. तुमच्या ज्या पावलांवर उभी राहून मी घरभर फिरायचे, त्यांनाच आता मधुमेहामुळे चटका कळत नाही. म्हणून गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकणं तुम्हाला पूर्ण बंद. आई टाचेसाठी तळव्याखाली बर्फाची बाटली फिरवते, तिच्यावरही तुम्ही पाय फिरवायचा नाही. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, कॉर्न कॅप लावायची नाही. त्यातल्या आम्लाने जखम होते आणि साखर असताना ती चिघळते. रोज रात्री आरशात तळवे बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. क्रीम तळव्याला, बेचक्यांत नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरवा, खडा टोचलेला तुम्हाला कळणार नाही. पाऊल लाल, गरम किंवा सुजलेलं दिसलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे. माझ्या फोनची वाट बघू नका.

आई, कणीक किती सैल हवी ते त्या बाईंना तूच दाखव. स्टुलावर बसून.

तुमची,
बाळी