आजोबांचे घोडे संग्रहालयात

आमच्या आजोबांनी काढलेली घोड्यांची चित्रे सध्या संग्रहालयात लागली आहेत. आम्ही सगळे गोतावळ्यासह पाहायला गेलो. आजीने तर ठेवणीतली इरकल काढली!

आजोबांचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. घोडे मात्र ते हौसेने काढत. कागद नसला की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. अकलूजच्या घोडेबाजारात बसून केलेली रेखाटने आहेतच, पण खरी बहार पुरंदवड्याच्या गोल रिंगणाच्या, म्हणजे वारीत वारकऱ्यांच्या मधून गोल धावणाऱ्या अश्वांच्या चित्रांत आहे. पुढे स्वाराचा अश्व, हातात जरीपटका. मागे माऊलींचा अश्व, पाठीवर कुणी नाही. टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलेली माणसे दोन-तीन फटकाऱ्यांत उभी केली आहेत.

चित्रांखालच्या पाटीवर मात्र फक्त ‘घोडा, जलरंग’ एवढेच. रिंगणाचा आणि गावाचा उल्लेख हवा. घोड्यांच्या चित्रांसाठी जगभर गाजलेले एम. एफ. हुसेन १९१५ साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले. त्यांच्याविषयीही एक फलक तिथे शोभला असता. प्रदर्शन आषाढी वारीपर्यंत ठेवले, तर वारकऱ्यांनाही पाहता येईल.

– एक नात, सोलापूर