सातशे एक

दि. २९ डिसेंबर २०२४

प्रिय दत्ता,

आषाढीला तुझा फोन आला होता, त्यानंतर मी एकदाही उलटा फोन केला नाही. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. चूक माझीच. हवं तेवढं रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. माझी शुगर आटोक्यात, हिची पाठ तशीच, आई आहे तिथे आहे. झालं तब्येतीचं.

लिहायला बसलो ते दाजींमुळे. ८ डिसेंबरला रूपाचा साखरपुडा झाला. मामा म्हणून टॉवेल-टोपी माझ्याकडे. पाहुण्यांच्या मंडळींना नेसवून झालं, नारळ दिले, मग मी दाजींच्या पुढे गेलो. दाजींनी मानच पुढे केली नाही. मी टोपी धरून उभा, मांडवात शंभर-सव्वाशे माणसं, आणि दाजी मोठ्यांदा म्हणाले, "मशीनवाल्यांची टोपी नको आम्हाला. एकदा घातलीत तेवढी बास झाली."

दोघं-चौघं हसले. ताई पदर तोंडाला लावून आत गेली. मी टोपी पिशवीत ठेवली, जेवलो, रूपाच्या हातावर पाकीट ठेवलं आणि घरी आलो. हिला वाटलं मी रागावलोय. रागावलो असतो तर बरं झालं असतं. मला त्या रात्री उत्तरच सुचेना, म्हणून झोप लागली नाही.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाला मी नदीपलीकडच्या गावात केंद्राध्यक्ष होतो, म्हणजे दाजींच्या लेखी मशीनवाला. तीच शाळा, जिथे शिंदे गुरुजींनी तुझी सायकल झाडाला टांगली होती. पत्रे बदलून आता स्लॅब झालाय. पहाटे साडेपाचला दोन्ही बाजूंच्या एजंटांसमोर पन्नास मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान घेतलं, मशीनमधून पडलेल्या कागदी चिठ्ठ्या मोजून दाखवल्या, मशीन कोरं केलं, सील लावलं, त्यावर त्यांच्या सह्या घेतल्या. दाजींच्या पक्षाचा एजंट म्हणजे आपल्या सुताराच्या वस्तीवरचा पोरगा. त्याने सीलचा नंबर तीनदा उतरवून घेतला, मला त्याचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी पाचला टक्केवारी कळवायची असते. माणसं समोर उभी, क्षेत्रीय अधिकाऱ्यांचे फोनवर फोन, मी पावणेपाचचाच आकडा देऊन टाकला, ६१२. सहा वाजता नियमाप्रमाणे रांगेच्या शेपटापासून चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे नंतर कुणी मागे येऊन उभं राहायला नको. चौसष्ट चिठ्ठ्या, प्रत्येकीवर माझी सही. शेवटची म्हातारी सात वीसला आत आली. तिने बटण दाबलं, काचेआडची चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली. मग क्लोजचं बटण, मग टोटल. ७०१. मतदार नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांकही ७०१. मतांच्या हिशेबाचा जो नमुना १७ क, त्यात तो आकडा मी अंकी आणि अक्षरी लिहिला, सगळ्या एजंटांना एकेक प्रत दिली. त्या क्षणी मला तुझी आठवण आली. देवाशपथ.

आठवतंय ना १९९५? तू मतपत्रिका फाडून देत होतास, मी बोटाला शाई लावत होतो. रात्री हिशेब जुळेना, एक अनुक्रमांक कमी. देशमुख सर म्हणाले, खराब झाली म्हणून लिहा. मीही म्हणालो लिहा. बाहेर एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तू मात्र सतरंजीवर फतकल मारून बसलास. "एक कागद कुठं गेला ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही." साडेनऊला तो सापडला, शिक्क्याच्या पॅडखाली चिकटलेला. शाईचा डाग पडलेला, पण अख्खा. परतीच्या वाटेवर मी तुला आढ्यताखोर म्हणालो. दोन महिने आपण बोललो नाही. नानांनी मध्ये पडून आपल्याला एका ताटात जेवायला बसवलं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

दत्ता, तेव्हा तू बरोबर होतास. हे मी तुला एकोणतीस वर्षांत सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

आता दाजींचं म्हणणं ऐक. त्यांचं सगळं एक्झिट पोलवर उभं आहे. २० तारखेला साडेसहानंतर चॅनेलांनी अंदाज दाखवले. बहुतेकांनी महायुतीला पुढे ठेवलं होतं, पण बऱ्याच जणांच्या हिशेबात बहुमताच्या १४५ च्या अलीकडे-पलीकडे, काहींच्या हिशेबात पावणेदोनशेच्याही वर. एक-दोघांनी आघाडीलाही बरोबरीत किंवा पुढे दाखवलं. २३ तारखेला निघालं काय? भाजप १३२, शिंदे ५७, अजितदादा ४१. एकूण २३०. आघाडी तीन पक्ष मिळून ४६. दाजी म्हणतात, सहा महिन्यांपूर्वी याच महाराष्ट्राने लोकसभेला ४८ पैकी ३० जागा आघाडीला दिल्या, मग माणसं बदलली की मशीन?

तू म्हणशील, जूनमध्ये एक्झिट पोल काय सांगत होते ते दाजींना विचार. विचारलं. १ जूनला चॅनेलांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर, कुणी चारशेपर्यंत नेलं होतं. ४ जूनला २९३ निघाल्या. एका नामांकित संस्थेचे प्रमुख टीव्हीवर बसल्या जागी रडले. तेव्हा दाजींनी पेढे वाटले आणि म्हणाले, एक्झिट पोलवाले विकले गेलेत, मशीनमधून खरं बाहेर आलं. ऑक्टोबरात हरियाणा झालं. तिथे सगळे काँग्रेस म्हणत होते, भाजपला ९० पैकी ४८ मिळाल्या. तेव्हापासून दाजींचं माप उलटं झालं, पोल खरा आणि मशीन खोटं. मी हे त्यांना तोंडावर बोललो. ते म्हणाले, "तुझं गणित तुझ्यापाशी ठेव."

पण गणित सांगितल्यावाचून मला राहवत नाही. लोकसभेला दोन्ही बाजूंच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता, तरी जागा ३० आणि १७ पडल्या. विधानसभेला मतांचा फरक चौदा-पंधरा टक्क्यांचा झाला. आपल्याकडे जो पुढे त्याला अख्खी जागा, दुसऱ्याला भोपळा. वारं थोडं फिरलं की शंभर जागा इकडच्या तिकडे होतात. पोलवाल्याचे पाच टक्के चुकले की त्याच्या जागा कोसळल्याच.

आणि ते टक्के कसे चुकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं. शंभर मीटरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे लिंबाखाली एक पोरगा टॅब घेऊन बसला होता. कुठल्या कंपनीचा ते विचारलं नाही. दुपारी मी टाकीवर पाणी प्यायला आलो तेव्हा दहा मिनिटं बघत उभा राहिलो. तो थांबवत होता कुणाला? मोटारसायकलवरच्या पोरांना. ती थांबत होती, हसत होती, बोलत होती. ऊसतोडीच्या आणि कांद्याच्या बायका टेम्पोतून उतरल्या, आठ-दहाच्या घोळक्याने मत देऊन आल्या आणि त्याच्या अंगावरून निघून गेल्या. तो एका म्हातारीमागे धावला. कोतवाल तिथेच होता, त्याने मला नंतर सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तुला कशाला सांगू रं? मशीनला सांगितलंय."

त्या बायकांच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे जुलैपासूनचे महिन्याला दीड हजार येत होते. त्यांनी कुणाला मत दिलं मला माहीत नाही, आणि कळूही नये. पण लिंबाखालच्या त्या टॅबमध्ये त्या नव्हत्या, एवढं मी छातीठोक सांगतो. तुझा पोरगा अमेरिकेत आहे, त्याला विचार. तिथे २००४ साली असंच झालं. एक्झिट पोलमध्ये केरी पुढे, निवडून आले बुश, आणि लोक म्हणाले मतं चोरली. पोल घेणाऱ्यांनीच पुढे तपासून सांगितलं, की केरींचे मतदार थांबून फॉर्म भरायला जास्त राजी होते.

असो. वहिनींना जिना चढू देऊ नकोस. पिंकीच्या मुलीचं नाव काय ठेवलंत? बारशाचा फोटो पाठव.

तर दाजींचा दुसरा मुद्दा पाच वाजताच्या आकड्याचा. पाचला ५८.२२ टक्के, शेवटी ६६.०५. वरची पाऊण कोटी मतं रात्रीत कुठून आली? मी कागद घेऊन बसलो. केंद्रं एक लाखाच्या थोडी वर. दर केंद्रामागे पंचाहत्तरच्या आसपास मतं पडतात. माझ्या केंद्रावर ६१२ चे ७०१ झाले, म्हणजे ८९. ती ८९ माणसं माझ्यासमोर उभी होती. भूतं नव्हती ती, दत्ता. त्यातल्या अर्ध्यांच्या पोरांना मी शिकवलंय.

हे मी दाजींना सांगायला १५ तारखेला गेलो. हात हलवत गेलो नाही. आधी सुताराच्या पोराकडे गेलो, म्हटलं तुझी १७ क ची प्रत दाखव. त्याने घर उलथं केलं. शेवटी त्याच्या आईने रेशनकार्डाच्या डब्यातून काढून दिली, चार घड्या पडलेली. माझी सही, ७०१. मग केंद्रनिहाय निकालाचा नमुना २० काढून घेतला. माझ्या केंद्रापुढे सगळ्या उमेदवारांची मतं आणि 'नोटा'ची मतं मिळून बेरीज केली, ७०१. पोराला म्हटलं, मोजणीच्या दिवशी तुमच्या माणसांनी हे जुळवलं होतं का? तो म्हणाला, "सर, दहाव्या फेरीलाच आमची माणसं उठून गेली. कागद कुणी मागितलाच नाही." इतक्या गावांतून इतके कागद गोळा झाले असते, दत्ता, आणि ते डब्यात राहिले. मला याचं फार वाईट वाटलं.

दोन्ही कागद दाजींपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून बेरीज केली, एकदा नाही, दोनदा. मग कागद नीट घडी घालून मला परत दिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "तुझं खरं असेल रे. तू खोटं करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण हे एक झालं. बाकीच्या लाखाचं कोण सांगणार?"

इथेच माझी बोलती बंद झाली. मी माझ्या एका खोलीची शपथ घेऊ शकतो. प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मशीनशी ताडतात. २८८ मतदारसंघांत मिळून १४४०, आणि सगळ्या जुळल्या असं अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. मी त्यावर विश्वास ठेवतो. पण सोडत काढली तेव्हा माझं केंद्र त्या पाचांत आलं नाही, आणि मला मनापासून वाटलं की यायला हवं होतं. एप्रिलात सुप्रीम कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. खरं सांगतो, तेव्हा मलाही ते पटलं होतं. आता वाटतं, मोजल्या असत्या तर दोन दिवस जास्त गेले असते, आणि माझ्या बहिणीच्या मांडवात टोपी परत आली नसती.

मारकडवाडीचं वाचलंस ना? इथून लांब नाही. माळशिरसमध्ये आघाडीचा उमेदवार निवडून आला होता, तरी गावात भाजपला १००३ आणि त्याला ८४३ कशी, म्हणून ३ डिसेंबरला लोक स्वतः मतपत्रिका छापून मतदान घेणार होते. जमावबंदी लावली, पोलीस आणले, गुन्हे दाखल केले. गावाने मांडलेल्या मतपेटीने काही सिद्ध झालं नसतं, हे मलाही कळतं. कायद्यात तसलं मतदान बसत नाही. पण शंका घेणाऱ्याला बोलू द्यायचं, त्याच्या पुढ्यात कागद टाकायचा. काठी घेऊन गेलं की उद्या तोच म्हणणार, बघा, लपवायचं होतं.

आणि आता हे. हायकोर्टाने हरियाणातल्या निवडणुकीची चित्रफीत एका वकिलाला द्या म्हणून सांगितलं, तर पंधरा दिवसांच्या आत, २० डिसेंबरला, निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलला. केंद्रावरचं कॅमेऱ्याचं चित्रीकरण आता सहजी मागता येणार नाही. २४ तारखेला आयोगाने काँग्रेसला लांबलचक उत्तर दिलं, की पाचच्या आकड्याची शेवटच्या आकड्याशी तुलनाच चूक. बरोबर आहे ते, मी स्वतः पावणेपाचचा आकडा दिलाय. पण हेच २१ नोव्हेंबरला सांगता आलं असतं. कॅमेरा माझ्या खोलीतही होता. दिवसभर मी त्याच्यासमोर उभा होतो, दाखवा ना माझं चित्रीकरण. मी कशाला घाबरू? मला भीती वेगळीच आहे. दाजी रोज विचारत राहतील, वरून कुणी उत्तर देणार नाही, आणि हळूहळू मलाच माझ्या ७०१ ची खात्री वाटेनाशी होईल. परवा रात्री दोन वाजता उठून मी ती घडी उघडून पुन्हा बेरीज केली. ही उठली, दिवा बघून म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हणालो, चष्मा.

तू असतास तर सतरंजीवर बसला असतास. म्हणून तुला लिहिलं.

तुझ्या त्या स्टेंटचं काय झालं, गोळ्या बदलल्या का? नाशिकची थंडी तुला झेपत नाही, कानाला मफलर बांधत जा. फोन करू नकोस, लिहून पाठव. फोनवर तू हसून विषय घालवतोस.

रूपाचं लग्न फेब्रुवारीत आहे. पत्रिका येईलच, पण पत्रिकेची वाट बघू नकोस, आताच तिकीट काढ. आदल्या दिवशी ये. दाजींचं नि तुझं जुनं सूत आहे, तू बसलास की ते बसतात. त्यांना ती पॅडखालच्या कागदाची गोष्ट तुझ्या तोंडून सांग, मी सांगितली तर त्यांना माझी बाजू वाटेल. टॉवेल-टोपी कपाटात तशीच ठेवलीय, घडीसुद्धा मोडलेली नाही. तुझ्या हातून दिली तर घेतील.

तुझाच,
वसंता