बाई, तुम्ही हात वर केलात

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल लागला. पहिली ते पाचवीचा पेपर, पास व्हायला १५० पैकी ९० लागतात. मला बरेच जास्त पडले. तुम्हाला फोन लावायला घेतला होता, पण गळा दाटून आला, बोलता आलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. माझ्यासारख्या खूप जणी मुंबईतल्या मानखुर्द-गोवंडीच्या छोट्या खासगी शाळांत बारावीच्या जोरावर शिकवत होत्या, त्यांनाही कळू दे. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

२०१७ मध्ये शिक्षणहक्क कायदा बदलला आणि नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत शिक्षक-प्रशिक्षणाची पदविका (डी.एल.एड.) पूर्ण करा, असं सांगण्यात आलं. नियमित डी.एल.एड.ची दोन वर्षं कॉलेजात बसायची ऐपत आमच्यापैकी कुणाची होती? एनआयओएसने, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने, मुक्त पद्धतीचा अभ्यासक्रम काढला म्हणून दार उघडलं. आठवडाभर शाळा, रात्री मोबाईलवर ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचाचे व्हिडिओ, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्र. तिथे तुम्ही भेटलात.

त्याआधी कोण कोण भेटलं तेही सांगते, कारण ते अजून टोचतं. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांना माझा अर्ज फक्त पडताळून पुढे पाठवायचा होता. त्यांनी तो अगदी शेवटपर्यंत अडवून धरला. ‘तुम्ही शिकलात की पगार वाढवून मागाल,’ हे त्यांनी तोंडावर म्हटलं. एका क्लासवाल्याने तर अभ्यास कशाला करता, पैसे भरा, प्रमाणपत्राचं मी बघतो, असं सांगितलं. पुढे राज्याच्या २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी) पैसे देऊन पास झालेल्यांची हजारोंची यादी निघाली तेव्हा मला तोच माणूस आठवला.

आणि मग माझा सराव पाठ. तिसरीचा वर्ग, दशक सुटा करून वजाबाकी, बावन्नातून सत्तावीस. तुम्ही निरीक्षणाला आला होतात, मागच्या बाकावर मुलांमध्ये दाटीवाटीने बसला होतात. मी काड्यांचे गठ्ठे वाटत होते. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले आणि पोरांसमोर म्हणाले, ‘ह्यांचं अजून शिकणं चालू आहे, ह्या काही खऱ्या शिक्षिका नाहीत.’ ते निघून गेले. पोरं खुसुखुसू हसली. एकाने तर मला ऐकू जाईल असं विचारलं, मग ह्या कोण?

तेव्हा तुम्ही हात वर केलात. उभं आयुष्य महापालिकेच्या शाळेत शिकवलेल्या तुम्ही, पिकलेल्या केसांच्या, त्या एवढ्याशा बाकावरून उठून उभ्या राहिलात आणि म्हणालात, ‘बाई, एक दशक सुटा केल्यावर तिकडे किती दशक उरले? मला नाही समजलं. परत सांगाल?’

वर्ग एकदम शांत झाला. मी गठ्ठा सोडला, दहा काड्या वेगळ्या केल्या, दोन आधीच्या, झाल्या बारा. आणि चार गठ्ठे उरले. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी आपल्या काड्या घेऊन तुमच्याकडे धावली आणि तुम्हाला समजावू लागली. तुम्ही चूक केल्यासारखं केलंत, तिने पुन्हा मोजून दाखवलं. तिच्या तोंडूनच पूर्ण वर्गाला ती वजाबाकी कळली. त्यानंतर त्या वर्गात मी कोण, हे कुणीच विचारलं नाही.

बाहेर आल्यावर तुम्ही त्या प्रसंगाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. फळ्यावर अंक एकाखाली एक येत नाहीत, आखून घ्या, एवढंच सांगितलंत आणि वहीतही तेच लिहिलंत. मला धीर देणारं भाषण केलं असतंत तर मी तिथेच रडले असते. तुम्हाला ते माहीत होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

पदविका हातात आल्यावरही सुटका नव्हतीच. आधी म्हणाले, अठरा महिन्यांची आहे, नव्या भरतीला चालणार नाही. मग पाटणा उच्च न्यायालयाने चालेल म्हटलं, मग नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दोन वर्षांच्या पदविकेची सर नाही. १० डिसेंबर २०२४ ला त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की १० ऑगस्ट २०१७ ला जे नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत पदविका पूर्ण केली, त्यांची ती ग्राह्य धरायची. मी त्यांत बसते. पण ह्या सगळ्या काळात आम्ही वर्गावर जातच होतो ना! कागद वैध की अवैध हे दिल्लीत ठरत होतं आणि इकडे पोरांना पाढे शिकवायचेच होते. त्या दिवसांत ओळखीचे लोक ‘तुमचं ते रद्द झालं म्हणे’ असं विचारायचे. तुम्ही फोन केलात की आधी विचारायचात, ‘वर्ग काय म्हणतोय?’

आडमार्गाने आलेली शिक्षिका म्हणून आमच्याकडे बघणारे अजूनही आहेत. त्यांनी कधी चाळीस पोरांपुढे उभं राहून बघावं. आणि तुमच्यासारखी माणसंही आहेत, जी स्वतःचा मान बाजूला ठेवून समोरच्याला तो देतात. माणुसकी अजून टिकून आहे ती अशांमुळे, हे मी कुणासमोरही सांगेन.

आता नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची झाली आहे. आमच्या शाळेतल्या दोघी घाबरल्या आहेत, विशेषतः गणिताला. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या माझ्याकडे बसतात. बालमानसशास्त्र मात्र मला तितकंसं समजावून सांगता येत नाही. तुमची तब्येत बरी असेल तर एखाद्या शनिवारी याल का? कुर्ल्याहून हार्बर लोकलने यावं लागेल, स्टेशनवर घ्यायला मी येईन.

आपली विद्यार्थिनी,
मानखुर्दची एक शिक्षिका