आठवी पास झाला आणि माझा मुलगा ‘मूल’ राहिला नाही

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

आपण कामात असाल, तरी दोन मिनिटं द्यावीत ही नम्र विनंती. माझा मुलगा पहिलीपासून खासगी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के मोफत जागांवर शिकला. यंदा आठवी पास झाला आणि शाळेने चिठ्ठी दिली: नववीची पूर्ण फी भरा, नाहीतर दाखला घेऊन जा. पोराने ती चार दिवस दप्तरात लपवून ठेवली. परवा मला सापडली.

काल शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब मान वर न करता म्हणाले, “बाई, कायद्यात मूल म्हणजे ६ ते १४. तुमचा मुलगा आता मूल नाही. अनुदानित शाळेत घाला.” आठ वर्षं इंग्रजीत शिकलेलं पोर कुठल्या शाळेत घालायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी शिवणकाम करते. रात्री मशीन बंद करून मोबाईलवर कायदे उघडले. बालकामगार कायदा, १९८६: १४ च्या आतला तो बालक, पुढे १८ पर्यंत किशोरवयीन. २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने कायदा, १९४८: बालक १५ पर्यंत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो, २०१२: १८. बाल न्याय कायदा, २०१५: १८च, पण १६ नंतर घोर गुन्हा केला तर प्रौढासारखा खटला चालू शकतो. बालविवाह कायदा, २००६: मुलगा २१ चा होईपर्यंत बालक! एसटी तर बाराव्या वर्षीच पूर्ण तिकीट फाडते. यादी रात्री दीड वाजता केली आहे. एखादं कलम हुकलं असेल तर आपल्या अधिकाऱ्यांनी कळवावं, त्यांना त्याचा पगार मिळतो.

म्हणजे माझ्या पोराने आमदार निवडला तर तो १८ व्या वर्षी शहाणा, आणि १९ व्या वर्षी बोहल्यावर चढला तर बालक. आज त्याला धोक्याची कामं सोडून कुठेही कामाला लावलं तर बालकामगार कायद्याची हरकत नाही. शाळेत ठेवायचं म्हटलं की मात्र कायदा संपला.

शर्टाचं माप पँटला चालत नाही, हे मला कुणी शिकवू नये. प्रत्येक कायद्याचं काम वेगळं, म्हणून व्याख्या वेगळी. व्याख्येच्या आधी ‘संदर्भानुसार अन्यथा आवश्यक नसेल तर’ असं लिहिलेलं असतं, तेही वाचलं. पण साहेब, कापड नेमकं सरकारने पैसे द्यायचे तिथेच कसं कमी पडतं? मनाई करायची तर २१, फी भरायची तर १४.

घटनेच्या ४५ व्या कलमात १४ वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणासाठी १० वर्षांची मुदत होती. घटना १९५० ची. आरटीई कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला, तारीखही काय शोधली! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर ३ ते १८ वयाची रचना आहे. भाषणांत १८ आणि खिडकीवर १४, हे कुठलं गणित? तीस वर्षं मत देतेय. दर वेळी नवा माणूस येतो आणि जुनंच परिपत्रक दाखवतो.

मागणी एकच: आरटीईतलं ‘मूल’ १८ पर्यंत वाढवा, केंद्राच्या हातात असेल तर केंद्राला लिहा, आणि तोवर या मुलांची फी राज्याने भरावी.

शाळेने सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. दाखला मी अजून घेतलेला नाही.

आपली,
एका माजी ‘मुला’ची आई