बोटीच्या वेळा एसटीच्या फळ्यावर लिहाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे आणि मराठवाड्यातील अनेक घरांत सध्या समुद्र पाहायला जाण्याचे बेत शिजत असतील. त्यांपैकी ज्यांच्याकडे स्वतःची मोटार नाही आणि भाड्याची गाडी ठरवणे ज्यांना परवडत नाही, अशा कुटुंबांसाठी, तसेच एसटी महामंडळ आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या विचारासाठी हे पत्र लिहीत आहे. विषय आहे अलिबागहून मुंबईला सार्वजनिक वाहनाने जाण्याचा. हा प्रवास अंतराने लहान आहे आणि त्याची साधनेही पुरेशी आहेत. मात्र बाहेरगावच्या माणसाला या साधनांची सांगड घालणे किती अवघड जाते, हे मी यंदाच्या मे महिन्यात अनुभवले.

आम्ही लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आलेले पाणी ज्या शहराने प्यायले, त्या शहरात जन्मलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने डोळे पोहोचतील तिथपर्यंत पसरलेले पाणी कधी पाहिले नव्हते. त्याच्या हट्टाखातर आम्ही पाच जण, म्हणजे मी, माझी पत्नी, मुलगा, सून आणि नातू, पुण्यामार्गे एसटीने अलिबागला गेलो. या प्रवासात एसटीच्या सवलतींचा जो लाभ झाला, तो आवर्जून नोंदवावासा वाटतो. ६५ ते ७५ वयोगटातील ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि बारा वर्षांखालील मुलांना पूर्वीपासूनच अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आमच्या पाच जणांत पूर्ण तिकीट काढावे लागले ते एकट्या मुलाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ज्या घरात सुट्टीचा खर्च वर्षभर साठवून केला जातो, त्या घराला या सवलतींमुळेच समुद्रकिनारा आवाक्यात येतो.

चार दिवस उत्तम गेले. ओहोटीच्या वेळी पायी चालत कुलाबा किल्ल्यात गेलो, नागाव आणि आक्षीचे किनारे पाहिले. गावोगाव जाण्यासाठी तिथे मिनीडोअर मिळते. आपल्याकडच्या टमटमसारखीच ती जागा भरल्यावर निघते आणि आपल्याइतकीच दाटीवाटीने जाते, त्यामुळे आम्हाला ती परकी वाटली नाही. परतीचा बेत असा होता की दुपारी अलिबाग सोडायचे, मांडव्याहून बोटीने गेटवे ऑफ इंडियाला उतरायचे, नातवाला गेटवे दाखवायचे आणि रात्री नऊच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटणारी लातूर एक्स्प्रेस पकडायची. रस्त्याने अलिबाग ते मुंबई हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि वडखळपर्यंतच्या वाटेवर सुट्टीच्या दिवसांत वाहनांची जी रांग लागते, ती आम्ही येतानाच पाहिली होती. समुद्रमार्गे मात्र मांडव्याहून मुंबई तासाभरावर आहे. शिवाय गेटवेच्या बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग या बसचे भाडे धरलेले असते, ही सोय मला फार शहाणपणाची वाटली होती.

आम्ही जिथे उतरलो होतो, तिथे आदल्या रात्री बोटीबद्दल विचारले. बोट सुरू आहे, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी सामानसुमान घेऊन रिक्षाने मांडव्याला पोहोचलो, तेव्हा गेटवेला जाणाऱ्या बोटींचा धक्का रिकामा होता. पावसाळा जवळ आल्यामुळे ती सेवा दोनच दिवसांपूर्वी बंद झाली होती. ती दरवर्षी साधारणपणे मेअखेरीस थांबते आणि ऑगस्ट संपल्यावर पुन्हा सुरू होते. अलिबागच्या रहिवाशाला हे वेगळे सांगावे लागत नाही. जसे आपल्याकडे मृगाआधी पेरणी करू नये हे कोणी शिकवत नाही, तसेच हे तिथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु पाचशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाने हे कोणाकडून आणि कुठे वाचून समजून घ्यायचे?

बोट बंद ठेवण्याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट याच समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. ज्या किनाऱ्याने हे पाहिले आहे, त्याने पावसाळ्यात लहान बोटी पाण्यात न घालणे योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, बोट कोणत्या तारखेपासून बंद होणार, ही माहिती प्रवासी जिथे जिथे वाहन बदलतो तिथे तिथे लिहिलेली असावी.

त्या दिवशी आम्हाला तारले ते रो-रो जहाजाने. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा मांडवा आणि मुंबईतील भाऊचा धक्का यांच्यामध्ये चालते आणि जहाज मोठे असल्यामुळे ती पावसाळ्यातही चालू असते, अर्थात हवामान फारच बिघडले तर फेरी रद्द होते. मोटारी पोटात घेऊन जाणारे हे जहाज आहे, म्हणून ते केवळ मोटारवाल्यांसाठीच असावे, असा माझा समज होता. धक्क्यावर चहा विकणाऱ्या एका बाईंनी आम्हाला हताश बसलेले पाहून सांगितले, “आजोबा, रो-रोला माणसांचंबी तिकीट मिळतंय, गाडी असायलाच पायजे असं नाही.” त्या बाई मूळच्या आमच्याच भागातल्या, उदगीरकडच्या निघाल्या, ही योगायोगाची गोष्ट. त्यांच्यामुळे आम्ही सायंकाळच्या फेरीची तिकिटे काढली. दोन तास बसून राहावे लागले, पण तासाभरात जहाज भाऊच्या धक्क्याला लागले. तिथून टॅक्सी केली आणि गाडी सुटायला पाऊण तास असताना स्थानकात शिरलो. नातवाला गेटवे दिसले नाही. जहाजाच्या कठड्याला धरून त्याने मुंबईचे दिवे लागताना पाहिले, त्यावर त्याचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही, कारण तो चहाचा ठेला त्या दिवशी बंद असता तर आम्ही काय केले असते, हा प्रश्न लातूरला येईपर्यंत माझ्या मनातून गेला नाही.

घरी आल्यावर शांतपणे विचार केला, तेव्हा लक्षात आले की त्या दिवशी आमच्यासमोर एकूण चार वाटा होत्या आणि त्यांपैकी आम्हाला फक्त एक, तीही बंद झालेली, ठाऊक होती. गेटवेची बोट आणि रो-रो या दोन वाटांबद्दल वर लिहिले आहे. तिसरी वाट रेवस ते भाऊचा धक्का या लाँचची, जिने अलिबाग तालुक्यातील कष्टकरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला ये-जा करत आली आहेत. रेवसच्या खाडीत गाळ साचत असल्यामुळे तिथे भरती-ओहोटीकडे लक्ष ठेवावे लागते. चौथी वाट एसटीची: अलिबाग स्थानकातून पनवेलला विनाथांबा गाड्या सुटतात आणि पनवेलहून हार्बर मार्गाची लोकल थेट मुंबईला नेते. अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असले तरी तिथे प्रवासी रेल्वे नाही, त्यामुळे एसटी आणि बोट हेच तिथल्या सार्वजनिक प्रवासाचे दोन पाय आहेत.

या चौथ्या वाटेबद्दल मराठवाड्यातील वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. पनवेल ते हुजूर साहिब नांदेड ही रेल्वेगाडी पुणे, दौंड, कुर्डुवाडीमार्गे आपल्या धाराशिव, लातूर, परळी, परभणी या भागांतून जाते. म्हणजे ज्याला मुंबई पाहायची नाही, केवळ घरी परतायचे आहे, त्याने अलिबागहून एसटीने पनवेल गाठावे आणि तिथेच आपल्या गावची गाडी पकडावी. मुंबईच्या गर्दीत सामान आणि म्हातारी माणसे घेऊन शिरण्याचे कारणच उरत नाही. मला हे आधी सुचले असते तर मांडव्याचा सगळा प्रसंग टळला असता. अलिबागला कोणी मला हे सांगू शकले नाही, कारण नांदेडची गाडी हा तिथल्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग नाही; आणि लातूरलाही कोणी सांगितले नाही, कारण अलिबागची एसटी आपल्या रोजच्या जगण्यात नाही. ही माहिती या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी पडून राहिलेली आहे.

वाहने वेगवेगळ्या खात्यांची असली तरी प्रवास एकच असतो, ही जाणीव आपल्या भागाला नवी नाही. हैदराबाद संस्थानात १९३२ साली सार्वजनिक बससेवा सुरू झाली, ती निजामाच्या रेल्वेचीच एक शाखा म्हणून, सत्तावीस गाड्यांनिशी. रेल्वे आणि बस या दोहोंचा कारभार तेव्हा एकाच घरात होता. मराठवाड्यातील ती बससेवा पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात विलीन झाली. माझे वडील सांगत की, त्यांच्या तरुणपणी रेल्वेला उशीर झाला तर स्टेशनाबाहेरची बस तिची वाट पाहत थांबे. जुन्या राजवटीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिच्याविरुद्ध आमच्या वडीलधाऱ्यांनी काय सोसले, ते या घराला माहीत आहे. परंतु स्टेशनाबाहेर थांबलेली ती बस मला चांगल्या व्यवस्थेची खूण वाटते आणि आज मांडव्याच्या धक्क्यावर तशी एसटी थांबलेली असावी, असे मनापासून वाटते.

आज काय होते, तर रो-रोने उतरणाऱ्यांपैकी मोटारवाले पाच मिनिटांत निघून जातात आणि पायी उतरलेल्यांना रिक्षा ठरवावी लागते. मांडवा ते अलिबाग हे अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. तेवढ्यासाठी एका कुटुंबाला जे रिक्षाभाडे मोजावे लागते, त्यात अर्ध्या तिकिटांमुळे झालेली बचत बरीचशी खर्ची पडते. एसटीच्या सवलती बोटीला लागू नाहीत, हे मी समजू शकतो. मात्र जहाजाच्या प्रत्येक फेरीला जोडून अलिबाग स्थानकापर्यंत एसटीची एक गाडी ठेवली, तर निदान जमिनीवरच्या टप्प्यात तरी म्हातारी माणसे आणि महिला यांना त्यांच्या हक्काची सवलत मिळेल. फेरीच्या वेळा ठरलेल्या असतात आणि प्रवाशांची संख्या तिकिटांवरून आधीच कळते, त्यामुळे रिकामी गाडी धावण्याची भीती फारशी नाही.

याहून सोपी आणि जवळजवळ विनाखर्चाची मागणी फळ्याची आहे. अलिबाग स्थानकात जिथे पनवेल, ठाणे, बोरिवली या गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात, तिथेच त्या दिवशीची पहिली आणि शेवटची बोट, रो-रोच्या फेऱ्या, रेवसची लाँच चालू आहे की नाही आणि गेटवेची सेवा कोणत्या तारखेपासून बंद किंवा सुरू होणार, एवढे खडूने लिहावे. सागरी मंडळाने रोज सकाळी स्थानकाला एक फोन केला तरी हे काम होईल. मोबाईलवर सारे काही मिळते, असे यावर कोणी म्हणेल. मोबाईलवर मीही पाहिले होते. तिथे बोटीच्या वेळा दिसत होत्या, पण त्या वेळा गेल्या हंगामाच्या आहेत की या हंगामाच्या, हे कळायला मार्ग नव्हता. फळ्यावर आजची तारीख असते आणि खाली लिहिणाऱ्याची सही असते. चाळीस वर्षे शाळेत फळ्यापुढे उभा राहिलो आहे, म्हणून त्याची बाजू घेतो आहे असे नाही. पण ज्याला अँड्रॉइड फोन वापरता येत नाही, अशा प्रवाशाला वाचता येणारी गोष्ट अजूनही फळाच आहे.

असाच एक फळा सुट्टीच्या काळात लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव येथील एसटी स्थानकांतही लागावा. त्यावर आपल्या गावाहून अलिबाग, गणपतीपुळे, मालवण अशा ठिकाणी कुठे गाडी बदलून जावे आणि तिथून परतताना कोणते रेल्वे स्थानक सोयीचे पडेल, ते लिहावे. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासची योजना किती वर्षांपासून चालू आहे, तरी आमच्या गल्लीतील दहा घरांत विचारले तेव्हा दोनच घरांना ती माहीत होती. तिचा उल्लेखही त्याच फळ्यावर व्हावा. कोकणातील किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवसांत मोटारी उभ्या करायला जागा उरत नाही, अशी तिथल्या लोकांची तक्रार आम्ही चारही दिवस ऐकत होतो. एसटीने येणारा पाहुणा त्यांनाही नको असणार नाही.

नातू आता पुन्हा जायचे म्हणतो आहे आणि या खेपेस गेटवे चुकवायचे नाही, असे त्याने बजावले आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेटवेच्या बोटी सुरू असतात. आम्ही भाऊबीज झाल्यावर निघणार आहोत आणि अलिबागच्या स्थानकात उतरल्यावर सर्वांत आधी फळ्याकडे पाहणार आहोत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, लातूर